ओल्या फडक्याखाली

भट्टीवाल्यांच्या घरात ‘उकडतंय’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच, तर बाबा भट्टीच्या तोंडाकडे बोट दाखवत आणि म्हणत, “तिच्यासमोर नको बोलूस. तिला वाईट वाटतं.”

भट्टी म्हणजे त्या घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात जाडी आणि सगळ्यात लाडकी बाई. खाली बेकरी, बेकरीच्या मागच्या भिंतीत भट्टी, आणि भट्टीच्या बरोब्बर डोक्यावर राहायच्या दोन खोल्या. थंडीत पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय उबदार घर आहे हो तुमचं! उन्हाळ्यात पाहुणे येत नसत.

या घरात भोंगा जन्मली नि वाढली. भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वर्गात हजेरी घेणाऱ्या बाई सोडल्या तर खऱ्या नावाची कुणाला गरजच पडत नव्हती. जन्मल्या जन्मल्या तिनं असा काही सूर लावला होता, की खाली पाव घ्यायला आलेल्या लोकांनी कारखान्याचा भोंगा झाला समजून आपापली घड्याळं जुळवली, असं दादा सांगे. दादा तिच्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या गोष्टीत पीठ किती नि खमीर किती, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

यंदा भोंगा उंच झाली होती, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिनं वरच्या वर्गातल्या दोघांना गप्प केलं होतं, आणि तिला एक जबरदस्त शोध लागला होता: आपण बोललो की लोक ऐकतात! फक्त घरचे सोडून. घरात अजून तिनं तोंड उघडलं की आई म्हणायची, “उचलली जीभ लावली टाळ्याला. जा, काउंटर पूस.”

घरात शब्द चालायचा तो बाबांच्या हाताचा. भट्टीला तापमान दाखवणारं यंत्र नव्हतं. बाबांचा उजवा हात होता. ते बाही वर सारून कोपरापर्यंत हात भट्टीच्या तोंडात घालत, डोळे मिटून मनातल्या मनात आकडे म्हणत, आणि ज्या आकड्याला हात आपोआप मागे येई त्यावरून ठरे, आता पाव लावायचे, टोस्ट लावायचे की बिस्किटं. तो हात कधी चुकला नव्हता. आईही काही कमी नव्हती. भट्टीतून निघालेला ट्रे ती साध्या पदराच्या टोकानं सरकवायची. दादा उकळत्या चहाचा स्टीलचा पेला मुठीत धरून सावकाश गप्पा मारायचा. भोंगाला मात्र अजून भट्टीजवळ काम नव्हतं. आधी शिक्षण, मग भट्टी, असा बाबांचा नियम होता. म्हणून तिचे हात घरात सगळ्यात नाजूक, आणि त्यावरून टोमणे रोजचे. “आमच्याकडे एक राजकन्या आहे,” दादा म्हणायचा, “तिला गार वरणसुद्धा भाजतं.”

आणि मग गोळा आला.

गोळा म्हणजे दादा-वहिनीचा मुलगा. बाबांनी त्याला पहिल्यांदा ओंजळीत घेतलं, खालून वरून नीट पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, “गोळा छान वळलाय हो!” झालं, पडलं नाव.

भोंगानं लहान बाळं पाहिली नव्हती असं नाही. पण अशी तासन्‌तास, नाकाला नाक लावून कधी पाहिली नव्हती. गोळ्याच्या करंगळीला नख होतं! मुंगीनं डोक्याला बांधावं एवढं, पण अगदी खरं, चकचकीत, कडेला गोलाई असलेलं नख. ते कुणी बसवलं असेल, कशानं बसवलं असेल, नि कुठल्या उजेडात? तो झोपला की जगातले सगळे चेहरे एकेकदा करून बघायचा: रागीट म्हातारा, लाजलेली नवरी, हिशेब चुकलेला दुकानदार. आणि डोक्यावर, विरळ जावळाच्या मधोमध, ती मऊ जागा. टाळू. तिथं हाड अजून जुळलेलं नव्हतं, आणि कातडीखाली काहीतरी सारखं हलकेच उडत असायचं. एवढ्या मोठ्या जगात हा माणूस डोक्याचं दार पुरतं न लावताच चालत आला होता! भोंगा ते उडणं बघत बसे आणि तिचा स्वतःचा श्वास कधी थांबला ते तिला कळतही नसे.

“अगं, श्वास घे,” वहिनी हसून म्हणे. “नाहीतर मला दोघांना सांभाळावं लागेल.”

वहिनी टेलरच्या घरची. तिच्या माहेरी दिवसभर पंखा आणि शिलाई मशीन यांचीच घरघर. या घरातला हा तिचा पहिलाच पुरता उन्हाळा. आणि उन्हाळा असा पेटला होता, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत यायचं आणि दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलायची.

“आई,” वहिनीनं एकदा भीत भीत विचारलं, “गोळ्याला गरम तर होत नसेल ना?”

आईनं येऊन गोळ्याच्या पोटावर हात ठेवला. “छे गं. थंड आहे चांगला. तुम्ही टेलर लोक पंख्याखाली बसून सुया ओवणारे. तुला सवय नाही एवढंच.”

“मग पंखा लावू का थोडा?”

“अजिबात नको! वारा लागेल. साध्या पिठाला वारा लागला तर पापुद्रा धरतो, हे तर माणसाचं पोर.”

वहिनीनं पंख्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. भट्टीवाल्यांना गरम म्हणजे काय हे शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखंच की!

पण आईला नातवाची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? रात्रंदिवस तिचा जीव त्या पाळण्यात अडकलेला. खिडकीतून झळ यायला लागली तेव्हा तिनंच तोड काढली. एक मोठं सुती फडकं पाण्यातून काढलं, पिळलं, आणि पाळण्यावर पसरून चारी बाजूंनी नीट खोचून टाकलं. उन्हाची झळ नको, वारा नको, माशी नको. आत कसा गारवा राहील! बाबांनी पाहिलं आणि मान डोलावली. दादा म्हणाला, “आई, तुझ्या डोक्याला तोड नाही.” फडकं वाळलं की आई पुन्हा भिजवायची. आणि गुण तर लगेच आला. रडका गोळा दुपारभर चिडीचूप! दूध मागायलासुद्धा उठेना.

“बघा,” आई दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “किती गुणाचं बाळ आहे.”

त्या दिवशी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. आई काउंटरवर पेंगत होती. बाबा संध्याकाळच्या पावासाठी भट्टीत लाकडं सारत होते. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. वर वहिनी पाळण्याशेजारी आडवी झाली होती. रात्रभराची जागी, तिचा डोळा लागला होता. भोंगा सुट्टीचा अभ्यास म्हणून उघडलेल्या वहीनं स्वतःला वारा घालत होती.

“भोंगे!” दादानं हाक मारली. “मागे जाऊन बघ गं, पहिलं पीठ फुगून आलंय का. माझे हात भरलेत.”

भट्टीच्या बाजूला एक कोनाडा होता. तिथं लाकडी पेट्यांमध्ये मळलेलं पीठ फुगायला ठेवलेलं असे. हे काम मात्र भोंगाला चालायचं. ती गेली, वाकली, आणि पहिल्या पेटीवरचं फडकं उचललं.

भप्पकन्‌ वाफ तोंडावर आली. आंबूस, दमट, ऊन ऊन वाफ. खाली पीठ कसं टम्म फुगून काठापर्यंत आलेलं. सकाळी मुठीएवढं वाटणारं ते पीठ आता एखाद्या झोपलेल्या जनावरासारखं निवांत पसरलं होतं. तिनं सवयीनं बोट टोचून पाहिलं. खड्डा पडला आणि हळूहळू वर आला.

“आलंय का?” दादा ओरडला.

भोंगा हातातल्या फडक्याकडे बघत होती.

ओलं फडकं. चारी बाजूंनी खोचलेलं. वारा बंद. खालून भट्टीची ऊब.

एवढं सगळं कशासाठी करतात, हे या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आतली ऊब आतच राहावी म्हणून करतात! बाहेर कितीही गार असो, फडक्याखाली वाफ धरते, म्हणून करतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच तर करत आले होते ते!

फडकं तिथंच टाकून भोंगा जी सुटली ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर. पाळण्याशी गेली. खोचलेलं फडकं खसकन्‌ ओढलं.

तशीच वाफ तोंडावर आली. दमट, ऊन ऊन. फक्त वास आंबूस नव्हता, दुधाचा होता.

आत गोळा लालबुंद होऊन पडला होता. डोळे अर्धवट उघडे, पण कुठंच बघत नव्हते. ओठ कागदासारखे कोरडे. एवढी ती घरातल्या माणसांना झोपेतून उठवणारी आत्या तोंडावर वाकलेली, तरी त्यानं चेहरा म्हणून केला नाही एकही. तिनं त्याचा हात उचलला आणि सोडला. हात तसाच खाली पडला. मग तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“वहिनीऽऽऽ! आईऽऽऽ! बाबाऽऽऽ!”

त्या दिवशी भोंगा आपल्या नावाला जागली. वहिनी दचकून उठून बसली, खाली काउंटरवरची बरणी आडवी झाली, आणि दादा पिठाच्या हातांनीच वर धावला. मागोमाग आई, तिच्या मागे बाबा.

“काय झालं? पडला का?”

“त्याला हात लाव! केवढा तापलाय बघ!”

आईनं कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. “अगं, कोमट तर आहे. एवढं बोंबलायला काय झालं? जीव घेतलास माझा.”

दादानं पिठाच्या हाताची मागची बाजू टेकवून पाहिली. “ठीक वाटतोय की.”

मग सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा पुढे झाले. बाही वर सारली. भट्टीत घालतात त्याच गंभीरपणानं त्यांनी उजवा हात गोळ्याच्या पोटावर ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले.

“काही नाही,” ते म्हणाले. “बेताचं आहे. निजू द्या त्याला.”

आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि फडकं उचलायला वाकली. संपला विषय. त्या हातापुढे आजवर कुणी बोललं नव्हतं.

“बाबा, तुमच्या हाताला काय कळतंय!”

खोलीत कुणीतरी ताट आपटावं तसं झालं. भोंगाला वाटलं, हे आपण बोललो? पण बोलून झालं होतं, आणि आता थांबायला जागा नव्हती.

“ज्या हाताला भट्टी सोसते,” ती म्हणाली, “त्याला एवढंसं पोर गरम लागेल कसं? आईला ट्रे गरम लागत नाही, दादाला चहा गरम लागत नाही! तुम्ही सगळे बेताचं बेताचं म्हणत बसाल आणि हा... आई, नको टाकूस ते! आपण फडकं कशाला घालतो पिठावर? सांग ना, कशाला घालतो?”

आईचा हात फडक्यासकट हवेतच राहिला. तिच्या तोंडावरचा रंग असा काही उतरला की भोंगाला उरलेलं बोलावं लागलं नाही.

वहिनी पाळण्यावर वाकली आणि आपला गाल गोळ्याच्या उघड्या पोटावर टेकवला.

“भाजतंय,” ती अगदी हळू म्हणाली. “मला रोज लागत होतं. वाटायचं, मलाच सवय नाही.”

बाबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्यांना तो हात कुठं ठेवावा कळेना.

“दवाखाना,” ते म्हणाले.

मग एकच धांदल. दादानं फोन कानाला लावला. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता आणि डॉक्टरीणबाई स्वतःच बोलल्या. आई वाटी-चमचा घेऊन धावली, “दोन चमचे पाणी तरी पाजते,” म्हणत, पण दादा फोनवरूनच ओरडला, “पाणी नको म्हणतायत! अंगावरचे कपडे काढा, साध्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसत पुसत आणा, आणि जमेल तसं अंगावर पाजा म्हणतायत!” वहिनीनं त्याला पदराखाली घेतलं, पण गोळा तोंड उघडेना. “टेम्पो काढतो,” दादा म्हणाला. टेम्पो सकाळपासून उन्हात उभा होता. भोंगा म्हणाली, “दादा, ती दुसरी भट्टी आहे!” म्हणून सगळे पायीच निघाले.

छत्री कुठं सापडेना. तेव्हा बाबांनी बिस्किटांच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा टराटरा फाडला आणि दोन्ही हातांनी वहिनीच्या डोक्यावर धरला. अशी ती वरात निघाली: मध्ये वहिनी नि तिच्या हातात उघडा गोळा, वर पुठ्ठ्याचं छत धरून अनवाणी बाबा, एका बाजूला ओलं कापड फिरवणारी आई, आणि पुढे दादा नि भोंगा रस्ता मोकळा करत. बाबांच्या पायात चपला नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाबांच्याही नाही.

दवाखान्यात गार होतं, आणि फिनेलचा वास होता. डॉक्टरीणबाईंनी काखेत तापमापक धरला, आकडा पाहिला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. छाती ऐकली, कान-घसा पाहिला, ओठ पाहिले. “लंगोट शेवटचा कधी ओला झाला?” त्यांनी विचारलं. वहिनीनं आठवून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. सकाळपासून झालाच नव्हता.

मग त्यांनी गोळ्याच्या टाळूवरून हलकेच बोट फिरवलं.

भोंगा टाचा उंचावून बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं. “तूच ओळखलंस ना? ये. हात धुऊन ये. आता इथं बोट ठेव. दाबायचं नाही.”

भोंगानं बोटाचं टोक ठेवलं. रोज जिथं मऊ, सपाट लागायचं तिथं आज खळगा होता. आणि त्या खळग्याच्या तळाशी ते अजून उडत होतं. भराभर, भराभर, लांबून कुणीतरी पळत येतंय तसं.

“अंगातलं पाणी कमी झालं की ही जागा खोल जाते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एवढ्या बाळांना घामसुद्धा अजून नीट येत नाही. गरम झालं तर कुशीवर वळता येत नाही, पांघरूण फेकता येत नाही, बोलता तर नाहीच नाही. पण सांगायचं ते हा सांगतोय बघ, जेवढी तोंडं आहेत तेवढ्यांनी.”

भोंगाला आत्ता कुठं कळलं. म्हणजे हा सकाळपासून बोलतच होता! आपल्या कोरड्या लंगोटानं, कोरड्या ओठांनी, डोक्यावरच्या त्या दारानं. एवढासा जीव, मान धरता येत नाही, आणि एकटाच सगळ्या आघाड्यांवर लढत, वर निरोपही धाडत होता. घरात त्याला गुणाचं बाळ म्हणत होते.

“आता बसायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दूध काढा नि चमच्यानं थेंब थेंब घाला. गिळतोय का बघू. लघवी झाली की मला सांगा. नाहीच झाली, तर मोठ्या दवाखान्यात पाठवेन, सलाईन लावावं लागेल.”

आणि सगळे बसले. पंखा फिरत होता. गोळा टेबलावर, मऊ चादरीवर, जन्मला तेव्हाइतका उघडा. वहिनी चमचा त्याच्या ओठाशी नेई, थेंब आत जाई आणि कोपऱ्यातून परत बाहेर येई. पुन्हा थेंब, पुन्हा बाहेर. आई भिंतीला टेकून उभी होती, पदराचा बोळा तोंडात. दादाच्या कोपरांवरचं पीठ वाळून त्याच्या खपल्या जमिनीवर पडत होत्या. या घरानं आजवर कितीतरी गोष्टींची वाट पाहिली होती, पाव भाजायची, पीठ यायची, गिऱ्हाईक यायची; पण सगळ्यांनी मिळून, श्वास धरून, एका लघवीची वाट कधी पाहिली नव्हती.

मग एका थेंबाला गोळ्याचा गळा हलला.

“गिळलं!” भोंगा म्हणाली. आश्चर्य म्हणजे कुजबुजत म्हणाली.

दुसरा थेंब. पुन्हा हलला. कातडीखाली एक छोटीशी लाट वरून खाली गेली. भोंगाला वाटलं, आपण आजवर पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत, समुद्र धरून, ही लाट सगळ्यात मोठी. थोड्या वेळानं त्यानं चमचा ओठांनी धरला. मग चमचा सोडून तोंड इकडेतिकडे फिरवायला लागला, चिडून, कपाळाला आठी घालून. हिशेब चुकलेला दुकानदार!

“घ्या आता अंगावर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनीनं घेतलं, आणि या वेळी त्यानं धरलं.

आणि पिऊन झाल्यावर दादानं त्याला उचललं, तेव्हा काहीही कल्पना न देता एक बारीक, चमकदार, तेजस्वी कमान उठली आणि दादाच्या सदऱ्यावर, दादाच्या हनुवटीवर, दादाच्या पीठ लागलेल्या हातांवर उतरली.

“झाली!” आई किंचाळली. “झाली हो, झाली!”

“अरे, भिजलो!” दादा ओरडला आणि तसाच रडायला लागला. हसत होता की रडत होता कुणास ठाऊक. गोळ्यानं बापाचा तो अवतार पाहिला आणि घाबरून असा काही टाहो फोडला, की बाहेर बसलेल्या पेशंटनं दार उघडून आत पाहिलं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबा खुर्चीवर मटकन्‌ बसले. “घरात दुसरा भोंगा लागला आता,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बराच वेळ तिथंच ठेवून घेतलं. ताप उतरेपर्यंत, दुसऱ्यांदा पाजून होईपर्यंत. जाताना म्हणाल्या, “फडकं बंद. पंखा लावा, वारा अंगावर थेट नको, पण खोलीत खेळू दे. आणि ती भट्टीवरची खोली बाळासाठी नाही. घरात सगळ्यात गार जागा कुठली आहे?”

“पिठाची खोली,” वहिनी सोडून चौघंही एकदम म्हणाले.

आणि चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. कारण खरंच होतं ते. मागच्या बाजूला, सावलीत, जाड भिंतींची, वाऱ्याची खिडकी असलेली खोली, दिवसा कधी ऊन न बघितलेली. पिठाला ऊब लागली की ते खराब होतं, म्हणून आजोबांनी खास बांधून घेतलेली.

“तिथं कोण राहतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पीठ,” बाबा खाली मान घालून म्हणाले.

संध्याकाळी बेकरीत पाव लागले नाहीत. त्याऐवजी पोत्यांची मिरवणूक निघाली. बाबा नि दादा एकेक पोतं पाठीवर घेऊन दुकानात आणून रचत होते. आई नि भोंगा बादल्या भरभरून आत नेत होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पिठाचा कण राहता कामा नये, बाळाच्या नाकात जातो. म्हणून छत, भिंती, खिडकीच्या गजांच्या खाचा, सगळं धुऊन काढलं, दोनदा. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतः गुडघ्यावर बसून फरशी पुसली. खोली रिकामी होत गेली तशी मोठी होत गेली, आणि खिडकीतून अंगणाकडची हवा आत यायला लागली. भोंगा ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली. तळपायांतून गारवा वर चढत पार मानेपर्यंत आला. जन्मापासून या घरात राहूनही हा गारवा आपल्या घरचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं!

दुकानात रोज टोस्ट घ्यायला येणारे म्हातारे गृहस्थ पोत्यांच्या ढिगावर टेकून बसले होते.

“टोस्ट नाहीत? बरं. पण बाळ दिसत नाही?”

“पिठाच्या खोलीत आहे,” आई म्हणाली.

“आणि पीठ?”

“तुम्ही बसलाय त्याच्यावर.”

आत पाळणा लागला होता, उघडा, वर काही नाही. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि गोळा पीत होता. भोंगानं माठातून पेला भरून आणला. डॉक्टरीणबाईंनी बाळाला पाणी द्यायचं नाही, त्याच्या आईनं मात्र भरपूर प्यायचं, अशी सक्त ताकीद दिली होती. उन्हाळ्याची बाळाची तहान आईच्या दुधातच भागते, म्हणाल्या होत्या.

वहिनी पाणी प्यायला लागली. भोंगा समोर उकिडवी बसून बघत होती. वहिनीचा गळा हलत होता, गट्‌, गट्‌. खाली गोळ्याचा गळा हलत होता, इवलासा, गट्‌, गट्‌. माठातलं पाणी पेल्यात, पेल्यातलं वहिनीत, आणि वहिनीत कुठंतरी, कुणालाही न दिसता, कसलाही आवाज न करता, ते दूध होत होतं आणि त्याच्यात जात होतं. ना आच, ना लाकडं, ना कुणी हात घालून बघणारं. कुठं ठेवली असेल ही भट्टी? भोंगानं इतक्या मोठ्या गोष्टीला कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि त्यातलं पहिलं काम, पाणी ओतायचं, तिचं होतं.

वहिनीनं रिकामा पेला पुढे केला. ओठ पुसायलाही थांबली नाही.

“अजून,” ती म्हणाली.

भोंगा माठाकडे पळाली.